टोपीविना एक दिवस

गुरुवार, ७ मे १९३६. रक्कम अकरा रुपये. हजर माणसे चार: मी, माझी बायको, धुळ्याहून सुट्टीला आलेला मेहुणा, आणि पाण्याचा तांब्या ठेवायला आलेली व मग तिथेच बसून राहिलेली माझी थोरली मुलगी, वय तेरा. जागा जळगावातल्या आमच्या घराची मागची पडवी, वेळ जेवणानंतरची.

हे मी त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलं होतं, दोन प्रतींत. जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कारकून म्हणून माझी तेव्हा सतरा वर्षं झाली होती आणि लिहून न ठेवलेली गोष्ट झालीच नाही, अशी माझी समजूत होती. त्यामुळे आज दहा वर्षांनीही आकडे चुकणार नाहीत. बाकीचं चुकलं तर सांभाळून घ्यावं, कारण त्या दिवसाची आठवण आली की मला अजून हसू आवरत नाही.

वाद होता थोरलीवरून. ती मराठी सातवी पास झाली होती आणि मेहुणा तिला जूनमध्ये धुळ्याला न्यायचं म्हणत होता. तो तिथल्या हायस्कुलात मास्तर. शाळेत पाच मुली होत्या, ही सहावी झाली असती. राहायला मामाचं घर. मी नको म्हणत होतो. आमच्यात त्या वयाला मुलीचं स्थळ बघायला लागतात, एरंडोलला आमचे आबा आहेत, त्यांना चालायचं नाही, शिवाय चार लोकांत बरं दिसत नाही, असं माझं म्हणणं. मुलगी तोंडाने काही बोलत नव्हती. पण रिकामा झालेला तांब्या ती तीनदा भरून आणत होती, यावरून तिच्या मनात काय चाललंय ते कळत होतं.

मेहुण्याने त्या सुट्टीत समाजशास्त्राचं एक जाड पुस्तक बरोबर आणलं होतं आणि तो सकाळ-संध्याकाळ त्यातलंच बोलायचा. त्याने विचारलं, हे चार लोक कोण? मी म्हटलं, चार लोकांचं सोड, मी माझ्या मनाने ठरवलंय. यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने सांगितलं ते थोडक्यात असं: समाज म्हणजे कुठे बाहेर काठी घेऊन उभा असलेला शिपाई नव्हे. आपण बोलायला शिकतो तेव्हाच तो आत येऊन बसतो आणि पुढे जन्मभर त्याच्याच आवाजाला आपण ‘माझं मन’ म्हणतो. भिंत आहे हे धक्का मारेपर्यंत कळतही नाही.

मला हे पटलं नाही. मी म्हटलं की माझं डोकं माझं आहे, त्यात कुणी येऊन बसलेलं मला तरी दिसत नाही.

त्याने खुंटीकडे पाहिलं. तिथे माझी काळी टोपी होती.

“मग दाजी, एक दिवस ते उघडं ठेवून दाखवा.”

आजची तरुण मंडळी सर्रास उघड्या डोक्याने फिरतात, त्यांना यात काय एवढं असं वाटेल. त्या वेळी आमच्याकडे पुरुष उघड्या डोक्याने रस्त्यावर दिसला, तर त्याच्या घरात कुणीतरी गेलं, एवढा एकच अर्थ होता. मला तो अर्थ ठाऊक होता. पण अर्थ लोकांच्या मनात आहे, माझ्या डोक्यात नाही, असं मी म्हणून बसलो आणि पैज लागली.

अटी माझ्याच अक्षरात आहेत. शनिवार, ९ मे, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत डोकं उघडं राहील. रोजची सगळी कामं करायची. उघड्या डोक्याचं कारण आम्हा चौघांपैकी कुणीही कुणाला सांगायचं नाही, माझ्या घरातल्या कुणी सांगितलं तर मी हरलो. कुणी विचारलं तरी गप्प राहायचं, कारण मेहुण्याच्या मते जो खरोखर मोकळा आहे त्याला खुलासा द्यावा लागत नाही. मी टिकलो तर त्याने अकरा रुपये द्यायचे आणि धुळ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. मी हरलो तर मी अकरा रुपये द्यायचे आणि मुलगी जूनमध्ये धुळ्याला. बायको एवढंच म्हणाली की मे महिन्याच्या उन्हात हे करायचं असेल तर कांदा खिशात ठेवा. कांदा ठेवला. तो अटीत बसत होता.

शनिवारी साडेसातला निघालो. घरापासून जिनापर्यंत माझी चौदाशे पावलं होतात. पहिल्या शंभरात मला फार मजा वाटली. डोक्याला वारा लागत होता, टोपीने दाबलेले केस एकेक करून उभे राहत होते, आणि मी मनात मेहुण्याचं पुस्तक बंद करून टाकलं होतं. मग किराणावाला दुकानातून उठून उभा राहिला. तो रोज बसल्या बसल्या हात करतो. आज त्याने हात जोडले. पुढे सायकलवरून जाणारे एक गृहस्थ उतरले आणि मी पुढे जाईपर्यंत सायकल धरून खाली मान घालून थांबले. दूधवाल्याने घंटी हाताने दाबून धरली. मी एकेक मोजत चाललो होतो. जिनापर्यंत उतरलेले, उठलेले आणि थांबलेले मिळून सव्वीस.

माझ्या स्वतःच्या चालण्याची गंमत अशी की नवव्या-दहाव्या माणसानंतर मी सावकाश चालू लागलो. मान खाली गेली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून मला खरोखरच थोडं वाईट वाटू लागलं होतं, आणि कोण गेलं असेल असा विचारही एकदा माझ्याच मनात येऊन गेला.

वाटेत फक्त आमच्या समोरचे पिंजारी चाचा वेगळे निघाले. त्यांच्यात डोकं उघडं असण्याचा असा काही अर्थ नाही. ते कापूस पिंजून येत होते. मला पाहताच त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून पुढे केली. म्हणाले, “नाना, धूप लग जाएगी. लो, मेरी पहन लो.”

सबंध दिवसात माझ्या डोक्याकडे डोकं म्हणून पाहणारा हा एकच माणूस. मी हात पुढे केला होता. मग अट आठवली आणि हात मागे घेतला. चाचांना वाटलं, मी त्यांची टोपी नाकारली. हे मला अजून लागतं, आणि नंतर मी त्यांना दोनदा तसं सांगितलंही.

जिनात मी पोहोचलो तेव्हा काटा चालू होता. मला पाहताच हमालांनी गाठ खाली ठेवली आणि ओळीने बसून राहिले. मॅनेजर बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, नाना, तुम्ही आलातच कसे, घरी जा. मी म्हटलं, मला काम करायचंय. त्यांचे डोळे भरून आले. केवढी निष्ठा, असं ते हमालांकडे वळून म्हणाले. सतरा वर्षांत त्यांनी मला हा शब्द वापरला नव्हता. अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा न मागता मिळाली. घेऊ नये हे कळत होतं, पण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

दुपारी बाराला घरी आलो तर ओट्यावर अकरा माणसं.

आमच्याकडे याला दारावर येणं म्हणतात. कुणी गेलं की ओळखीचे लोक दारावर येतात, गप्प बसतात, जाताना काही बोलतात किंवा नाहीत. मी ओट्यावर पोहोचलो आणि भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन, कपाळाला हात लावून बसलो. खरंच सांगतो, असं बसायचं मी ठरवलं नव्हतं. ते माझं मलाच बसल्यावर कळलं. मेहुणा दाराच्या आत उभा होता. त्याने माझ्या हाताकडे बोट दाखवलं आणि तोंडात उपरणं कोंबून आत पळाला. बाहेर लोकांना वाटलं, मास्तरांना हुंदका आवरला नाही.

कोण गेलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तसं विचारणं बरं दिसत नाही म्हणून कुणी विचारत नव्हतं. शेवटी गल्लीतले एक वयस्क दप्तरदार माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “एरंडोल?”

मी गप्प. अट होती.

“आबा,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. ओट्यावरून ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि माझे धडधाकट वडील दुपारी एकच्या सुमारास वारले.

मग सगळं भराभर झालं. आबांचं नाव निघायच्या आधीच, सकाळी, कुणीतरी मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर एरंडोलला निरोप धाडला होता की जळगावला नाना उघड्या डोक्याने फिरताहेत. शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन येऊ लागल्या. ज्या घरात कुणी गेलं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी अन्न आणायचं, त्याला कडू घास म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात बायकोने सकाळीच वरण-भात करून ठेवला होता, तो तिला घाईने पलंगाखाली लपवावा लागला. आत एकोणीस बायका जमल्या. त्या तिच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि तिला हसू फुटत होतं, म्हणून तीही पदरात तोंड खुपसून गदगदत होती. तिच्यासारखी सासऱ्यावर माया करणारी सून पाहिली नाही, असं गल्लीत पुढे दोन वर्षं बोललं जात होतं.

थोरली पाणी देत होती. बाहेर आणि आत, बाहेर आणि आत. तिच्या हातात सगळं होतं. तिने एकाही माणसाला “पैज लागलीय” एवढं सांगितलं असतं तर पैज संपली असती, मी हरलो असतो आणि तिचं धुळं पक्कं झालं असतं. निदान सहा जणींनी तिला जवळ घेऊन विचारलं. मी कान देऊन होतो. ती दर वेळी म्हणत होती, “पाणी घ्या.”

साडेचारला न्हावी आला.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. बाप गेला की मुलाने डोकं आणि मिशी उतरवायची असते, आणि कुणा भल्या माणसाने त्याला बोलावून घेतलं होतं. त्याने पाट मांडला, वाटी ठेवली, वस्तरा चामड्यावर घासला. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो आता हसत नव्हता. दारातून त्याने हाताने खूण केली की पुरे करा, सोडून द्या. मी मान हलवली. मला कसला चेव आला होता कोण जाणे. चौदाशे पावलं गेलो, चौदाशे आलो, रजा घेतली, बाप मारला, आणि आता मिशीसाठी हरू? न्हाव्याने ओठावर पाणी लावलं. वस्तरा डावीकडे टेकला. गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला असेल, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मोठ्याने रडत येतंय असं ऐकू आलं.

ते आबा होते.

त्यांना निरोप मिळाला होता तो एवढाच की मुलगा उघड्या डोक्याने फिरतो. त्यांनी हिशेब केला तो बरोबर होता: मी जिवंत आहे, मग सून गेली किंवा नातवंड गेलं. मोटार मिळेपर्यंत ते स्टँडवर आणि मोटारीतही रडत आले होते. ओट्यावरच्या लोकांनी त्यांना पाहिलं. दप्तरदार भिंतीला धरून उठले. आबा कुणाकडे न बघता सरळ माझ्याकडे आले.

“कोन गयं?”

अट कारण न सांगण्याची होती. आणि समोर रडत आलेला बाप होता.

“कुणी नाही, आबा. सगळे आहेत.”

“मंग हाई डोकं उघडं कसाले?”

याचं उत्तर देणं म्हणजे हरणं. आबांनी ओट्यावरून नजर फिरवली, वस्तरा पाहिला, पिठल्याची पातेली पाहिली, दप्तरदारांचं पांढरं पडलेलं तोंड पाहिलं. त्यांना समजलं. ते म्हणाले, “मी जित्ता शे,” आणि स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी माझ्या डोक्यावर दाबून बसवलं.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सूर्य मावळायला दोन तास तरी बाकी होते. पागोटं मी घातलेलं नव्हतं, आणि काढून टाकलं असतं तर पैज चालू राहिली असती. मी हात वर नेला. कडेला बोटं लागली. तिथेच थांबली आणि खाली आली. बापाने जिवंत असल्याची खूण म्हणून डोक्यावर ठेवलेलं पागोटं काढून टाकणारा हात माझ्याकडे नाही. भिंत मला तिथे लागली. सकाळपासून मी जिला धक्के मारत होतो ती सगळी नुसती पडदी होती.

“हरलो,” मी म्हटलं.

मग पैजेची हकीकत सांगावी लागली. मला वाटलं, लोक आता मारतील. पण दिवसभर गप्प बसून, रडून आणि उन्हात तापून सगळे थकले होते. पहिला हसला तो न्हावी. मग दप्तरदार हसले, आणि हसू आत बायकांपर्यंत गेलं, तिथे तर ते दुपारपासून दाबून ठेवलेलं होतं.

आता प्रश्न उरला अन्नाचा. कडू घास परत घरी नेता येत नाही आणि कुणी मेलेलं नसताना खाता येत नाही. यावर पाच-सात मिनिटं खरोखर वाद झाला. आबांना सकाळपासून उपास घडला होता. त्यांनी भाकरी घेतली, तिच्यावर पिठलं घेतलं आणि खाऊ लागले. स्वतःचा कडू घास खाणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. मग सगळेच बसले, आणि पलंगाखालचा वरण-भातही निघाला.

तेव्हा, सगळे जेवत असताना, माझ्या डोक्यात आलं की हेच ते. ज्या चार लोकांचं नाव मी घेत होतो ते सगळे इथे बसलेत, पुन्हा एका जागी मिळायचे नाहीत. ओट्यावर आणि अंगणात मिळून पुरुष चौतीस होते. मी पागोट्यासकट उभा राहिलो आणि एकेकाला विचारत गेलो: मी मुलीला धुळ्याला हायस्कुलात धाडतोय, तुमची हरकत आहे का?

किराणावाला म्हणाला, माझं काही नाही हो नाना, पण लोक नावं ठेवतील. दप्तरदार म्हणाले, मी स्वतः सुधारणेचा आहे, पण गल्लीचं सांगता येत नाही. न्हावी म्हणाला, मोठ्या लोकांना चालणार नाही. मोठे लोक म्हणाले, खालचे बोलतील. पंधराव्या-सोळाव्या माणसापर्यंत ऐकणारे हसायला लागले होते, कारण प्रत्येकजण ज्याच्याकडे बोट दाखवत होता तो शेजारीच भाकरी मोडत बसलेला होता. तेहतीस जणांना विचारलं. स्वतःची हरकत असलेला एकही नाही.

शेवटी चौतिसावे आबा. त्यांना चालणार नाही म्हणून मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

“माले कोनी इचारंच नही,” आबा म्हणाले. “पोर हुशार शे. धाडी दे.”

एवढ्यात आतून अक्कांचा आवाज आला. त्या गल्लीतल्या सगळ्यांत वयस्क. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “माझी हरकत आहे. मला नाही आवडत मुलींनी परगावी राहिलेलं. लोकांचं मला ठाऊक नाही.” आणि परत आत गेल्या. मला त्यांचा फार आदर वाटला. दिवसभरात स्वतःच्या नावावर ‘नाही’ म्हणालेलं एकच माणूस.

रात्री मेहुणा म्हणाला की पैज बरोबरीत सोडू. मी नाही म्हटलं, मी हरलो होतो आणि कागद होता. मग त्याला पुन्हा पुस्तक आठवलं. म्हणाला, दाजी, पोरीला पाठवताय ते हरलात म्हणून, की चौतीस जणांनी हो म्हटलं म्हणून? दोन्हीकडून समाजच, तुम्ही कुठे आहात? मी बराच विचार केला. चौतीस आणि अक्का मिळून पस्तीस. अक्कांनी नाही म्हटलं, तरी मी पाठवतोय. म्हणजे पस्तिसात एक, एवढा मी आहे. त्याने हिशेब मान्य केला. त्याच्या पुस्तकात माणसाला इतकंही दिलेलं नव्हतं म्हणे.

जूनमध्ये धुळ्याच्या मोटारीची वाट बघत असताना मी थोरलीला विचारलं, त्या दिवशी तू कुणाला सांगितलं कसं नाहीस, तुझा तर फायदाच होता. ती ट्रंकेवर बसली होती. म्हणाली, “हरलेल्या माणसाने धाडलं ना नाना, की तो दर सुट्टीला परत बोलावतो.”

अकरा रुपये मेहुण्याला, रविवारी सकाळी, रोख दिले. न्हाव्याला दोन आणे. तो चार मागत होता, पण काम गव्हाएवढंच झालं होतं. जिनातली अर्ध्या दिवसाची रजा मी सोमवारी बिनपगारी लिहून घेतली, मॅनेजरांनी निष्ठा हा शब्द परत घेतला नाही. आणि धुळ्याच्या हायस्कुलातल्या कारकुनाला जूनची फी, अडीच रुपये, दिली थोरलीने. पैसे मी तिच्या हातात दिले होते. पावतीवर नाव तिचं आहे.